निघाला चीनला, पोचला आफ्रिकेला

प्लॅन फिसकटला की आपला मूड जातो. ट्रेक रद्द, व्हिसा नाकारला, हव्या त्या कॉलेजची लिस्ट एका मार्काने हुकली, की दोन-चार दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आता अशा एका माणसाचा विचार करा, ज्याचा आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा प्लॅन मोडला. त्याला चीनला जायचं होतं, युद्ध आडवं आलं. त्याला एका जागी राहून मिशनचं काम करायचं होतं, नदीच आटली. त्याला नदीतून बोट न्यायची होती, मध्ये खडक निघाले. आणि ज्या नदीचा उगम शोधण्यात त्याने आयुष्याची शेवटची सात वर्षं घालवली, तो उगम त्याला कधी सापडलाच नाही. तरीही त्याचं नाव आज आफ्रिकेच्या नकाशावर आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे ते नाव. शाळेच्या भूगोलात व्हिक्टोरिया धबधब्याच्या धड्यात आपण ते एका ओळीत वाचतो आणि पुढे सरकतो. पण त्याच्या गोष्टीत मुंबई आहे, नाशिक आहे आणि आपल्याला पडणारा एक प्रश्नही आहे. ठरवलेलं मोडलं, तेव्हा देव आपल्याला कुठे नेतोय हे ओळखायचं कसं?

गिरणीतलं पुस्तक

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ चा. गाव स्कॉटलंडमधलं ब्लँटायर, क्लाइड नदीकाठचं. सूतगिरणीच्या चाळीत एका खोलीत अख्खं कुटुंब. वडील फिरून चहा विकायचे आणि कट्टर धार्मिक होते. दहाव्या वर्षी डेव्हिड गिरणीत लागला. काम काय, तर चालत्या यंत्रावर तुटलेले धागे जोडायचे. सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या आठवड्याच्या पगारातून या पोराने काय घ्यावं? लॅटिन व्याकरणाचं पुस्तक. ते यंत्रावर टेकवून ठेवायचं, येता-जाता एकेक वाक्य वाचायचं आणि सुटल्यावर पुन्हा रात्रशाळा.

विज्ञान वाचायला घेतलं की घरात कुरबुर व्हायची. वडिलांना वाटायचं, याने पोराची श्रद्धा जाईल. पुढे विज्ञान आणि श्रद्धा यांचं भांडण नाही असं सांगणारं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि त्याच्या मनातला गुंता सुटला. १८३४ मध्ये चीनमधल्या मिशनसाठी डॉक्टर हवेत असं आवाहन आलं. एकवीस वर्षांच्या डेव्हिडला वाटलं, हेच आपलं काम. देवावर श्रद्धा आहे, विज्ञानाची ओढ आहे, दोन्ही एकत्र येणारी जागा म्हणजे चीन. मग गिरणीत कमवायचं आणि त्या पैशावर ग्लासगोत वैद्यकी शिकायची, असं सुरू झालं.

दार बंद

१८३८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने त्याला उमेदवार म्हणून घेतलं. इथेही सुरुवात काही झकास नव्हती. प्रवचन द्यायला उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं विसरला. सरळ माफी मागून खाली उतरला. शिक्षकाचा अहवाल फारसा बरा नव्हता. थोडक्यात वाचला आणि त्याला आणखी मुदत मिळाली.

आणि मग १८३९. ब्रिटन आणि चीन यांच्यात अफूचं युद्ध पेटलं. सोसायटीने चीनला नवी माणसं पाठवायची नाहीत असं ठरवलं. पाच वर्षं ज्या एका दिशेने पाहिलं, तीच बंद. सोसायटीने वेस्ट इंडीजचा पर्याय दिला. तिथे आधीच डॉक्टर आहेत, आपली गरज तिथे नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. याच काळात लंडनमध्ये त्याला रॉबर्ट मोफॅट भेटले. दक्षिण आफ्रिकेत कुरुमान इथे अनेक वर्षं काम केलेले मिशनरी. त्यांच्या ठाण्याच्या उत्तरेला शेकडो गावं आहेत आणि तिथे आजवर कुणी गेलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. डेव्हिडने मनाशी ठरवून टाकलं. ८ डिसेंबर १८४० रोजी तो जहाजात बसला. चीनकडे नाही, आफ्रिकेकडे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याला आकाशवाणी वगैरे झाली नव्हती. एक दार बंद झालं, दुसरं कुणीतरी दाखवलं, आणि त्याने आपल्याकडे काय आहे आणि गरज कुठे आहे हे तपासून पाऊल टाकलं. देवाच्या मार्गदर्शनाचा त्याच्यापुरता अर्थ बहुतेक वेळा एवढाच साधा राहिला.

सिंह, लग्न आणि आटलेली नदी

जुलै १८४१ मध्ये तो कुरुमानला पोचला. तीन वर्षांनी माबोत्सा इथे ठाणं उभारताना सिंहाने त्याच्यावर झडप घातली आणि डावा दंड चावून हाड मोडलं. मेबाल्वे नावाच्या सहकाऱ्याने सिंहाचं लक्ष स्वतःकडे वेधलं, म्हणून जीव वाचला. हात वाकडाच जुळला. तो आयुष्यभर नीट वर गेला नाही. पण बरं होण्यासाठी कुरुमानला राहावं लागलं आणि तिथे मोफॅट यांची मुलगी मेरी हिला त्याने लग्नाची मागणी घातली. १८४५ मध्ये लग्न झालं.

पुढे कोलोबेंग इथे घर, शाळा, शेत असं सगळं बसत होतं. क्वेना लोकांचा प्रमुख सेचेले याने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पाऊस पडेना. नदी आटली. लोक म्हणू लागले, या पाहुण्यामुळेच पाऊस रुसला. इतक्या वर्षांत लिव्हिंग्स्टनच्या हातून ख्रिस्ती झालेला सेचेले हा एकमेव माणूस, आणि काही महिन्यांत त्याचंही पाऊल चुकलं, म्हणून त्याला मंडळीबाहेर ठेवावं लागलं. मिशनच्या हिशेबात हे सरळसरळ अपयश. गंमत म्हणजे लिव्हिंग्स्टन निघून गेल्यावर सेचेलेने स्वतःच आपल्या लोकांना शिकवत राहायचं काम सुरू ठेवलं. आपलं काम कुठे उगवेल हे पेरणाऱ्याला दिसतंच असं नाही.

लिव्हिंग्स्टन उत्तरेकडे वळला. कलाहारी वाळवंट ओलांडून १८४९ मध्ये एन्गामी सरोवर, १८५१ मध्ये झांबेझी नदी. पण या प्रवासाची किंमत मेरीने मोजली. मुलं सोबत, स्वतः गरोदर, पाण्याची वानवा. १८५० मध्ये जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच गेली. १८५२ मध्ये त्याने मेरी आणि चार मुलांना केपटाउनहून ब्रिटनला पाठवून दिलं. पुढची चार वर्षं मेरी या घरून त्या घरी मुक्काम हलवत, पैशाची चणचण सोसत राहिली. देवाने बोलावलंय असं एकाला वाटतं, तेव्हा त्याच्या घरच्यांना विचारलं जातं का, हा प्रश्न या गोष्टीत शेवटपर्यंत टोचत राहतो. तो टाळून लिव्हिंग्स्टनला थोर म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगवर हल्ला केला. घर लुटलं, पुस्तकं फाडली, औषधं फोडली. परत जायला घरच उरलं नाही. आता फक्त पुढचा रस्ता होता.

जे जहाज त्याने सोडलं

मध्य आफ्रिकेतून समुद्रापर्यंत वाट शोधायची, असा त्याचा बेत. गुलामांचा व्यापार थांबवायचा तर तिथल्या लोकांना दुसऱ्या मालाचा व्यापार करता आला पाहिजे, असं त्याचं गणित होतं. १८५३ मध्ये तो मकोलोलो लोकांच्या सत्तावीस माणसांना घेऊन लिन्यांतीहून पश्चिमेला निघाला. मलेरियाने सतत ताप, कधी बैलाच्या पाठीवर बसायचीही ताकद नाही. ३१ मे १८५४ रोजी लुआंडाला पोचला तेव्हा तो नुसता सांगाडा उरला होता.

बंदरात ब्रिटिश जहाजं उभी होती. कुणीही त्याला फुकट घरी नेलं असतं. बायको-मुलांना दोन वर्षं पाहिलेलं नव्हतं. पण सोबतच्या सत्तावीस जणांना परत घरी पोचवीन असा त्याने त्यांच्या राजाला शब्द दिला होता. तो जहाजात बसला नाही. फक्त आपली टिपणं, नकाशे आणि पत्रं त्याने टपालाच्या जहाजातून पाठवली. ते जहाज मदैराजवळ बुडालं. जवळपास सगळे प्रवासी गेले. त्याला बातमी कळली तेव्हा तो पायी परत निघाला होता. थांबून त्याने सगळं आठवणीतून पुन्हा लिहून काढलं.

दिलेला शब्द पाळला म्हणून जीव वाचला, असं इथे म्हणायचा मोह होतो. पण जे बुडाले त्यांनीही काही कुणाचा शब्द मोडला नव्हता. लिव्हिंग्स्टनला आपण वाचलो याचा अर्थ अजून काम बाकी आहे इतकाच वाटला. १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हा धबधबा पाहिला आणि त्याला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं.

जानेवारी १८५६ मध्ये लुआंग्वा नदीच्या काठावर स्थानिक लोक शस्त्रं घेऊन जमले. रात्रीतच गुपचूप नदी ओलांडावी असं त्याच्या मनात आलं. मग त्याने बायबल काढलं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना आपण कायम सोबत असू असं वचन देतो, तो भाग वाचला आणि ठरवलं की चोरासारखं जायचं नाही. सकाळी उजेडात माणसं एकेक खेप करून पलीकडे गेली. तो स्वतः सगळ्यात शेवटपर्यंत अलीकडे थांबला आणि जमलेल्यांना आपलं घड्याळ आणि भिंगाने पेटवलेली आग दाखवत बसला. कुणी हात उगारला नाही. मे महिन्यात तो पूर्व किनाऱ्यावर केलिमानेला पोचला. आफ्रिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारा तो पहिला युरोपियन म्हणून गाजला.

जेव्हा खात्रीच चुकली

आता गोष्टीतला अवघड भाग. ब्रिटनमध्ये लिव्हिंग्स्टन हीरो झाला. १८५७ मध्ये आलेलं त्याचं पुस्तक हातोहात खपलं. मिशनरी सोसायटी सोडून तो सरकारी मोहिमेचा प्रमुख झाला. झांबेझी हा आफ्रिकेच्या पोटात शिरायचा देवानेच ठेवलेला हमरस्ता आहे, अशी त्याची पक्की खात्री होती. पण आधीच्या प्रवासात त्याने नदीचा एक टप्पा वळसा घालून टाळला होता. तो टप्पा पाहिलाच नव्हता. १८५८ मध्ये बोट घेऊन तिथे गेल्यावर दिसला काहोरा बासाचा खडकाळ उतार. कोणतीही बोट तिथून वर जाणं शक्य नव्हतं.

याच खात्रीमुळे इतरांचे जीव गेले. त्याच्या सांगण्यावरून लिन्यांतीला गेलेल्या मिशनरी कुटुंबांतले बहुतेक जण १८६० मध्ये तापाने गेले. शिरे नदीकडे आलेल्या नव्या मिशनचे बिशप मॅकेन्झी १८६२ च्या जानेवारीत गेले. आणि २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा इथे मेरी गेली. नवऱ्याकडे येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. १८६३ मध्ये सरकारने मोहीम गुंडाळली. वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं.

देवावर विश्वास आणि आपल्याच अंदाजावर विश्वास, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झांबेझीवर लिव्हिंग्स्टनने त्यांची गल्लत केली. पहिल्यांदा चीनचं दार बंद झालं तेव्हा तो थांबला, विचारलं, ऐकलं. या वेळी नदी नाही म्हणत होती आणि तो बोट पुढे रेटत होता. श्रद्धावान माणसाकडून असं होऊ शकतं, हे त्याच्या आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

मुंबईचं वळण

मोहीम संपली तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्या पैशाने बांधलेली छोटी आगबोट होती, लेडी न्यासा. झांझिबारमध्ये विकायची तर ती गुलामांची ने-आण करणाऱ्यांच्या हाती पडण्याची भीती. म्हणून १८६४ च्या एप्रिलअखेर तो ती घेऊन थेट मुंबईकडे निघाला. अडीच हजार मैल समुद्र, कोळसा थोडा, पावसाळा तोंडावर आणि खलाशी बहुतेक झांबेझीकाठचे, ज्यांना समुद्राची सवय नव्हती. पंचेचाळीस दिवसांनी, १३ जूनला, बोट मुंबई बंदरात शिरली. बोट इतकी लहान होती की सुरुवातीला कुणाचं लक्षही गेलं नाही.

ही मुंबई प्लॅनमध्ये कुठेच नव्हती. पण पुढचं सगळं इथून घडलं. त्याच्या सोबत चुमा नावाचा मुलगा होता, १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला. चुमाला आणि त्याच्या सोबत्याला त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. सुसी नावाचा सहकारी मुंबईच्या गोदीत कामाला राहिला. लिव्हिंग्स्टन ब्रिटनला जाऊन १८६५ च्या सप्टेंबरमध्ये परत मुंबईला आला. बोट बांधायला लागलेल्या पैशाच्या निम्म्याहून कमी किमतीला विकली गेली. ते पैसे इथल्या बँकेत ठेवले आणि पुढच्या वर्षी बँक बुडाली. म्हणजे आणखी एक प्लॅन गेला!

मग तो नाशिकला गेला. नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या जाण्या-येण्यातला. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहत, शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. तिथले नऊ तरुण लिव्हिंग्स्टनसोबत जायला तयार झाले. चुमा आणि सुसी होतेच. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मदत केली. जानेवारी १८६६ मध्ये सगळे मुंबईहून निघाले.

हरवलेला माणूस

या शेवटच्या प्रवासात तर काहीच ठरल्यासारखं झालं नाही. सोबत नेलेले शिपाई परत पाठवावे लागले. ओझ्याची जनावरं मेली. अनेक माणसं सोडून गेली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटीच चोरीला गेली. क्विनिनशिवाय त्या भागात फिरणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण, हे डॉक्टर असल्याने त्याला नीट कळत होतं. तरी तो थांबला नाही. नाईलचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराचं खरं रूप जगाला सांगायचं, ही दोन कामं त्याच्या डोक्यात होती.

१५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वे गावच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गर्दीवर गोळीबार केला. शेकडो माणसं मेली, त्यांत बहुतेक बाजाराला आलेल्या बायका. लिव्हिंग्स्टनच्या डोळ्यांदेखत हे घडलं. पुढे जायचं सोडून तो माघारी उजिजीला आला. तिथे आपल्यासाठी आलेला माल कुणीतरी विकून टाकलाय असं कळलं. खिशात काही नाही, अंगात ताकद नाही. आणि काही दिवसांतच हेन्री स्टॅन्ली नावाचा पत्रकार त्याला शोधत तिथे येऊन पोचला. दोघांच्या भेटीतलं ते औपचारिक अभिवादन पुढे जगभर विनोदाचा विषय झालं. पण त्या क्षणी स्टॅन्लीसोबत अन्न होतं, औषध होतं आणि घरची पत्रं होती. न्यांग्वेची हकिगत स्टॅन्लीमार्फत लंडनला पोचली. माघार घेतली नसती, तर ही भेटही झाली नसती.

स्टॅन्लीने परत चलण्याचा खूप आग्रह केला. लिव्हिंग्स्टनने नाही म्हटलं. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी, पहाटे तो पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थनेच्या अवस्थेत मृत सापडला. वय साठ.

आता ठरवणारे होते त्याचे सोबती. चुमा, सुसी आणि मागाहून आलेला, नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट. त्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देह मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळला आणि ते किनाऱ्याकडे निघाले. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर, बरेच महिने, वाटेत आजारपणं आणि मृत्यू. मध्येच भेटलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने इथेच पुरा असं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. लंडनमध्ये सिंहाने मोडलेल्या त्या दंडाच्या हाडावरून ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटी नेणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.

मग मार्गदर्शन कुठे होतं?

ज्या नदीला लिव्हिंग्स्टन नाईल समजत होता, ती पुढे काँगो निघाली. म्हणजे शेवटचा अंदाजही चुकलाच. पण त्याने पाठवलेल्या हकिगतींमुळे ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि सरकारने बार्टल फ्रिअर यांना, मुंबईच्या त्याच माजी गव्हर्नरना, झांझिबारला पाठवलं. ५ जून १८७३ रोजी सुलतानाने करारावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. गुलामीचा व्यापार त्या दिवशी पूर्ण थांबला नाही, पण सर्वांत मोठा बाजार मिटला.

श्रद्धा ठेवणाऱ्याने त्याच्या आयुष्यातून एवढं तरी घ्यावं. पूर्ण नकाशा हाती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. बंद दारावर डोकं आपटण्याआधी थांबून विचारावं. आपल्या निर्णयाची किंमत दुसरं कुणी मोजतंय का, ते पाहावं. आणि सोबतच्या माणसांना दिलेला शब्द प्लॅन बदलला तरी बदलू नये. कारण शेवटी लिव्हिंग्स्टनला किनाऱ्यापर्यंत नेलं ते त्या माणसांनीच.

बाजार बंद झाला तेव्हा त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. ही बातमी त्याला कधीच कळली नाही.